ऐंशी फुटांच्या खाली

त्र्याहत्तरचा मे महिना. सांगलीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत भर दुपारी मानसिंग आला, तो फक्त एक सही करायला. पलटणीत वायरलेस सांभाळलेला गडी; दुसऱ्याचं काम तीनदा तपासल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचा नाही.

काम होतं तिथं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अर्जुनाचं. दुष्काळी माण तालुक्यात बोर कुठं मारायची, त्याची यादी मशीन काढायचं. जुन्या चाचणीच्या प्रत्येक बोरचं, भोकं पाडून माहिती भरलेलं एकेक कार्ड. कार्डात ऐंशी रकाने, रकान्याला एक फूट: मुरूम, खडक नाहीतर पाणी. कारंडेवाडीच्या कार्डाचा शेवटचा रकाना मात्र, कसा कोण जाणे, वरपासून खालपर्यंत भोकंच भोकं! यादी तिथंच अडायची. का अडते ते बघायला डीबगर लावला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात शिरून चूक हुडकणारा प्रोग्रॅम. तर ते कार्ड पाहून तोच आडवा! डॉक्टरानंच अंथरूण धरावं, तसं झालं. तो डीबगर अर्जुनानं दुरुस्त केला होता; त्यावरच मानसिंगची सही हवी होती.

"आता खराब रकाना आला की तसं छापंल आन गप थांबंल," अर्जुना म्हणाला.

"म्हंजे कार्ड बाद. वाडी यादीतनं गेली."

"व्हय."

"तुझीच वाडी न्हवं रं ती?"

अर्जुनानं मान खाली घातली. "आई तीन कोसांवरनं पाणी आणती, दादा. पर खोटं कसं लिवू?"

मानसिंगनं प्रोग्रॅमची ओळ न् ओळ वाचली. ऐंशीला थांबायची अट चोख होती. मग त्यानं कार्ड घातलं.

प्रिंटर खडखडायला लागला. खडक, खडक, खडक... ऐंशी: खराब. एक्क्याऐंशी: खडक. ब्याऐंशी: खडक.

"अर्जुना... कार्ड तर संपलं की रं."

"आवं, मी थांबवलंय त्याला... तुमीच वाचलंसा न्हवं?"

कागद फरशीवर लोळत होता. खोलीत ओल्या मातीचा वास दाटला. मशीन थांबवायचं बटण मानसिंगच्या हाताशीच होतं, पण हात काही पुढं होईना. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहावं तसे दोघं उभे राहिले. दोनशे बारा: पाणी. तिथं कागदच संपला.

मानसिंगनं टोपण काढलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं न कळलेल्या गोष्टीवर सही केली आणि कारंडेवाडीचं नाव यादीत हातानं लिहिलं.

दहाव्या दिवशी बोरच्या गाडीवरचा बिराप्पा थेट सांगलीला आला. "दोनशे बाराला पाणी लागलं, सायेब. लय पाणी!" अर्जुना लहान पोरासारखा हमसून रडला. बिराप्पा मात्र दिलेला चहा हातात धरून नुसताच उभा.

"काय झालं रं?" मानसिंगनं विचारलं.

"आमी वर फूट मोजत हुतो, तवा खालनंबी कुनीतरी मोजत हुतं... आमच्या एक फूट फुडं."

"मग?"

"पाणी लागलं, आमी थांबलो..." बिराप्पाचा आवाज खाली गेला. "ते अजून मोजतंय."