उलटं काडतूस

क्वेकर्स हिलच्या नव्या घरात चारुताने आधी गॅरेजच्या दाराला दुसरं कुलूप बसवून घेतलं, मग किचनच्या ड्रॉवरना चाइल्ड लॉक लावले, आणि मग कुठे दूध उतू घालवलं. नचिकेत हा क्रम मित्रमंडळींत रंगवून सांगायचा. चारुता हसण्यावारी न्यायची. लेक चार वर्षांची आणि नवऱ्याचा छंद पिस्तुलाचा, अशा घरात आणखी कुठला क्रम असतो, हे तिला कळत नव्हतं.

नचिकेतने पुण्यात कॉलेजला असताना एन.सी.सी.त रायफल चालवली होती. इथे सिडनीत पी.आर. मिळाल्यावर तो क्लबचा मेंबर झाला, परवान्यासाठी महिनोन्‌महिने थांबला आणि दर शनिवारी विंडसरच्या पलीकडे रेंजवर जायला लागला. हॉलिवूडसारखं काही नसतं गं, म्हणायचा. कागदाची टार्गेटं, कानावर मफ्स, आणि डबे उघडून बसलेली पन्नाशीची माणसं. गॅरेजच्या भिंतीला दोन लोखंडी कपाटं बोल्टने ठोकलेली होती, एक पिस्तुलाचं आणि एक काडतुसांचं. दोन्हींच्या किल्ल्या त्याच्या गळ्यात. परवाना त्याचा, त्यामुळे किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या हाती जायच्या नाहीत असा इथला कायदा. चारुताला तो कायदा एकदम पसंत होता.

मार्चमध्ये क्लबातल्या डेसने काडतुसं भरायचं आपलं सगळं सामान नचिकेतला देऊन टाकलं. डेस चौऱ्याऐंशीचा. घर विकून नर्सिंग होममध्ये चालला होता. हिरवा रंग उडालेला ओतीव लोखंडाचा प्रेस, एक छोटा तराजू, पन्नास भोकांचा लाकडी ट्रे आणि कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही. नचिकेत त्या दिवशी जेवायलासुद्धा आत येईना.

एरवी ड्रायरपुरतीच गॅरेजमध्ये जाणारी चारुता पहिल्या रविवारी दुपारी स्टूल घेऊन तिथे बसली. ती मूळची एम.फार्म.ची. इथलं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं, तोवर पेंडल हिलच्या एका औषधाच्या दुकानात असिस्टंट होती. नचिकेतचं काम तिला ओळखीचं वाटलं. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून घ्यायच्या, बुडाला ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, तोलून दारूची पावडर घालायची आणि वर गोळी दाबून तोंड बंद करायचं. आपल्या पिस्तुलाला मानवेल असा पावडरचा हलका भार त्याने ठरवला होता, त्याला जुळेल अशी मऊ स्प्रिंगही पिस्तुलात घातली होती. चुका दोनच. पावडर दुप्पट पडली तर पिस्तूल फुटतं. पडलीच नाही, तर गोळी नळीत मधेच अडकते, आणि मागून दुसरी झाडली की मग तेच.

"आणि बंद झाल्यावर बाहेरून कळतं?" चारुताने विचारलं.

"नाही. सगळी सारखीच दिसतात. म्हणून तर आधी टॉर्च मारून बघायचं."

"दुसरं कोण बघतं?"

"दुसरं कोण बघणार?"

दुकानात एकाने काढलेलं औषध दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. चारुताने डेसची वही उघडली. प्रत्येक पानावर तारीख, भरणाऱ्याच्या रकान्यात डी, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने लिहिलेला, शेपूट लांब ओढलेला एम. शेजारी त्याच अक्षरात एक ओळ. 'फिफ्टी चेक्ड.' क्वचित कुठे, 'फिफ्टी चेक्ड, वन आउट.'

एम म्हणजे त्याची बायको मॉरीन, नचिकेत म्हणाला. ती वारली दोन हजार तेरात.

चारुताने शेवटचं पान काढलं. त्यावर गेल्या महिन्यातली तारीख होती. रकान्यात एम होताच.

म्हातारा सवयीने लिहीत असेल तिच्या नावाने, नचिकेत म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा हळवा झाला. पुढच्या कोऱ्या ओळीवर त्याने आपला एन लिहिला आणि पन्नास काडतुसांचा ट्रे वहीसकट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी चारुता त्याचा चहा घेऊन गॅरेजमध्ये गेली. कपाट उघडं होतं, ट्रे टेबलावर होता. नचिकेत पाठमोरा, बॅग भरत होता. टोकं वर करून सगळी काडतुसं ओळीत उभी होती. तिसऱ्या ओळीतलं एकच डोक्यावर उभं होतं.

चारुताच्या माहेरी दारातली चप्पल उलटी पडलेली कुणी बघून पुढे जात नसे. घरात भांडणं होतात म्हणायचे. तिचा विश्वास नव्हता, पण हात आपोआप जायचा. ऑफिसच्या पार्टीत परक्यांचे बूट ती सरळ करायची. स्पृहासुद्धा चालायला लागली तशी हेच शिकली होती. प्रीस्कूलच्या दारात वीस पोरांचे बूट सरळ करून यायची म्हणून तिथल्या टीचर तिला टायडी फेअरी म्हणत.

चारुताने एका हाताने चहा ठेवला आणि दुसऱ्या हाताने ते काडतूस सरळ केलं.

त्या दिवशी मॅच होती, आणि बायकापोरांना बोलावलं होतं. पत्र्याच्या शेडखाली सॉसेज सिझल, म्हणजे पावात घालायला सॉसेज भाजणं, चाललं होतं. स्पृहाच्या कानांवर गुलाबी मफ्स होते. नचिकेतची पाळी आली. ठण् ठण् ठण् असे शॉट पटापट सुटले, आणि मधेच एक आवाज निराळा आला. बाटलीचं बूच निघावं तसा.

नचिकेतचं बोट पुन्हा चाप ओढायला निघालंच होतं. रेंज ऑफिसर इतक्या जोरात स्टॉप म्हणाला, की स्पृहा दचकून रडायला लागली.

गोळी नळीत अडकली होती. काडतुसात पावडर नव्हती. सगळ्यांनी नचिकेतची पाठ थोपटली, नो वरीज मेट, होतं असं, म्हणाले. तो मफ्स काढून रुमालाला हात पुसत राहिला. एका बोटावर बँडेडसुद्धा नसलेले, धड, शाबूत हात. चारुता त्यांच्याकडे बघत राहिली.

डेसला त्या दिवशी कुणीतरी नर्सिंग होममधून आणलं होतं. घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन तो बसला होता. चारुता जवळून गेली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. हात कागदासारखा कोरडा.

"कुणीतरी ते परत सरळ केलं, हो ना, लव्ह?" तो इंग्रजीत म्हणाला.

चारुताने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तिने उलटं ठेवलं की उलटंच राहू द्यायचं," डेस म्हणाला. मग त्याचं लक्ष सॉसेजकडे गेलं, आणि पुन्हा काही विचारलं तर त्याला आठवेना.

घरी आल्यावर दोघांनी वही उघडली. नचिकेतच्या एनशेजारी पेन्सिलने लिहिलं होतं, 'फिफ्टी चेक्ड, वन आउट.' आणि लांब शेपटीचा एम.

"तू लिहिलंस?"

"वही कपाटात होती, नचिकेत. किल्ली तुझ्या गळ्यात."

त्याने कपाटाचं कुलूप आणि बोल्ट हलवून पाहिले. कॉम्प्युटर नेटवर्कचं काम करणारा माणूस, काही बंद पडलं तर कुठेतरी कारण असतंच, असं मानणारा. शेवटी म्हणाला, आपण प्रेस परत देऊ. पण डेसच्या घरात आता दुसरी माणसं राहत होती, आणि एप्रिलमध्ये पुढची मॅच होती.

नंतर त्याने भरलेली पन्नासांची प्रत्येक खेप चारुताने टॉर्च मारून पाहिली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही अशी तिची दुकानात ख्याती होती. तरी एप्रिलात एका सकाळी कपाट उघडलं तेव्हा एक काडतूस डोक्यावर उभं होतं. नचिकेतने ते खोलून कागदावर पालथं केलं. पावडर दुप्पट होती. मे महिन्यात आणखी एक निघालं, त्याचा प्रायमर आतून चिरलेला. एमची एकदाही चूक नाही.

भीती वाटायला हवी होती, आणि पहिले काही दिवस वाटलीही. पण चारुताला कबूल करायला अवघड जाईल असं काहीतरी त्या भीतीच्या खाली हळूहळू साचत गेलं. स्पृहा झाली तेव्हापासून ती एकटीच जागी होती. गॅस बंद आहे का, स्विमिंग पूलचं गेट लागलंय का, घशात अडकू नयेत म्हणून द्राक्षं उभी चिरली आहेत का. आई पुण्याहून फोनवर म्हणायची, किती काळजी करशील. नचिकेत म्हणायचा, चिल. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट तिचा आवाज ऐकूनच हसायची. आता पहिल्यांदा कुणीतरी तिच्या मागून येऊन पुन्हा एकदा बघत होतं. ती रात्रभर झोपायला लागली.

जूनच्या सुरुवातीला स्पृहाला ताप आला. चारुताने बाथरूममधलं औषधांचं कपाट उघडलं. तीन बाटल्या होत्या. मधली झाकणावर उभी होती, बूड वर.

ती तापाच्या औषधाची होती. मुदत एप्रिलात संपलेली. दिवसभर लोकांच्या औषधांच्या तारखा बघणाऱ्या बाईच्या घरात.

तिने स्पृहाला विचारलं, तू हात लावलास का गं? "आय कान्ट इव्हन रीच, आई," स्पृहा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

म्हणजे ते आता गॅरेजमध्ये राहिलं नव्हतं.

नचिकेतला तिने सांगितलं. त्याने प्रेस खोक्यात घालून टेपने बांधला, तराजू आणि ट्रे क्लबला देऊन टाकला. वही तेवढी टेबलावर राहिली. फेकायला दोघांचाही हात धजेना. तीन आठवडे काही भरलं गेलं नाही. काही उलटं झालं नाही.

मग तो मंगळवार आला. बाहेर धुकं होतं. नचिकेत घरून काम करत होता, आतून त्याच्या मीटिंगचा आवाज येत होता. स्पृहा टेबलाशी सीरियल खात होती. चारुता ड्रायरमधले कपडे काढायला गॅरेजमध्ये गेली.

वही उघडी होती.

आजची तारीख. भरणाऱ्याचा रकाना कोरा. तपासणाऱ्याच्या रकान्यात एम.

'थ्री चेक्ड, वन आउट.'

तीन. चारुताने खोक्याकडे पाहिलं. टेप जशीच्या तशी होती.

मग तिला कळलं, तीन कशाचे.

गॅरेजपासून पुढच्या दारापर्यंत अकरा पावलं होती. किचनमधून स्पृहाच्या चमच्याचा आवाज येत होता. आवाज थांबू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

दाराशी रॅकवर तीन जोड होते.

नचिकेतचे बूट सरळ.

स्पृहाचे जांभळे बूट, वेल्क्रोवाले. तिने आधी डोळे मिटले. मग उघडले. सरळ. दोन्ही.

तिला इतकं हलकं वाटलं, की भिंतीला टेकून ती हसली. बराच वेळ हसली. मग तिने खाली पाहिलं.

तिचा स्वतःचा डावा सँडल पालथा होता. झिजलेला तळ वर.

सवयीने हात खाली गेला. बोटं पट्ट्याला लागायच्या आधी तिने तो मागे घेतला.

तिने दवाखान्याला फोन लावला. रिसेप्शनिस्टने आवाज ओळखला, आणि आज स्पृहाला काय झालं म्हणून विचारलं.

"स्पृहाला नाही," चारुता म्हणाली. "मला."

ओह, काय होतंय? चारुताने आठवून पाहिलं. कुठे काही दुखत नव्हतं. थकवा नव्हता. इतकी छान झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं तपासून हवंय. आजच."

एक मिनिट होल्ड करा म्हणून तिकडे गाणं लागलं. चारुता फोन कानाशी धरून खिडकीकडे वळली. समोरचा रस्ता धुक्यात दिसत नव्हता.

चमच्याचा आवाज थांबलेला तिच्या उशिरा लक्षात आला.

ती वळली तेव्हा स्पृहा रॅकपाशी उकिडवी बसली होती. तिने दोन्ही हात गुडघ्यांना पुसले आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

"आय फिक्स्ड इट, आई."

तिन्ही जोड एका ओळीत होते. सगळे सरळ, सगळे सारखे.