नऊची गोळी

जय, तो फोन पालथा ठेव. उजेड नको. इला, हसायचं असेल तर आत जा.

ही माझ्या मित्राची, मनोहरची गोष्ट. त्यानंच मला सांगितली. तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तेही यात येईल.

मनोहर परदेशात, शुगर लँड नावाच्या गावात एकटा राहतो. बायको शुभा मार्चमध्ये गेली. आठ वर्षांपूर्वी तिनंच त्याला आपली किडनी दिली होती. दुसऱ्याची किडनी शरीर सहजासहजी आपली मानत नाही. म्हणून सकाळी नऊ, रात्री नऊ, गोळ्या चुकवायच्या नाहीत. रात्रीच्या गोळ्या शुभा स्टीलच्या वाटीत काढायची. शेजारी पेलाभर कोमट पाणी. मग हाक, "अहो, नऊ वाजले."

ती गेली, हाक बंद झाली. वाटी कपाटात गेली. मनोहर गोळ्या चुकवू लागला. कुणासाठी घ्यायच्या?

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचा गुरुवार. रक्ताचा रिपोर्ट बिघडला, डॉक्टरांनी तातडीनं सोनोग्राफी सांगितली. रात्रीची शेवटची वेळ मिळाली. घराला कुलूप लावून तो गाडी घेऊन निघाला.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार. मशीनच्या पडद्यापुरता उजेड. तपासायला निधी नावाची नागपूरची मुलगी होती.

"काका, जेल थंड लागेल हं."

उजव्या जांघेच्या वर, जिथं शुभाची किडनी बसवली होती, तिथं तिनं हातातलं यंत्र टेकवलं. मशीनमधून आवाज आला. सूं... सूं...

"हे किडनीतलं रक्त. फ्लो कमी वाटतोय, काका. गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो." हेच ते खोटं.

"काकू नाही आल्या सोबत?"

मनोहरनं मान पडद्याकडे वळवली.

"डॉक्टरांना दाखवून येते. हलू नका." तिनं यंत्र खुंटीला अडकवलं. मशीन बंद केलं. गेली.

तो छताकडे बघत पडला.

सूं...

त्यानं मान वळवली. पडदा काळा. यंत्र खुंटीला.

सूं... सूं...

पोटावर काहीतरी टेकलं. हलकं. कोमट.

जेल तर थंड होतं...

"अहो."

...

"नऊ वाजले."



"घेतो गं... घरी जाऊन घेतो."

आवाज थांबला.

निधी आत आली. "काका, कुणाशी बोलत होता?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. किडनी वाचेल. पण आता एकही गोळी चुकवू नका, प्लीज."

मनोहर घरी आला. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं. दिवा लावला.

ओट्यावर वाटी.

वाटीत गोळ्या. शेजारी पेला.

तो ओट्याजवळ गेला. मग पेल्याला हात लावला.

पाणी कोमट होतं.