भोपळ्याला त्र्याण्णव गुण

तेजस वाजगेच्या घरी मेक्सिकन राइस करायचा म्हणजे आधी लाल भोपळा भाजायला लागे. नारायणगावात कुणाला त्याचं नवल वाटत नसे. साल काळी होईपर्यंत फोड भाजायची, गर काढायचा, त्यात आमसुलाचं पाणी, रंगापुरतं बीट, वाळलेल्या अळंबीची चिमूटभर पूड आणि भिजवलेली ब्याडगी मिरची घालून वाटायचं. हे लाल वाटण लसणाबरोबर तेलात पडलं की घरभर वास सुटे. त्याची मुलगी ऋता त्याला टोमॅटोचा वास म्हणे. ती अकरा वर्षांची होती आणि तिने टोमॅटो कधी पाहिलाच नव्हता.

तिच्या जन्माआधीच काळमुरडा आला होता. पांढऱ्या माशीबरोबर पसरणाऱ्या या विषाणूने देशोदेशीचे टोमॅटोचे मळे वाळवून टाकले. जिथे क्रेटच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागे, त्या नारायणगावच्या बाजारात आता भोपळे आणि बीट उतरत. लोकांना तगवलं ते चवजुळव्याने. पेनाएवढं हे यंत्र वाफेवर धरलं की वासातले रेणू ओळखून पदार्थाचा 'गंधठसा' घेई. मग ज्या चवीची आठवण येतेय तिच्या साठवलेल्या ठशाशी तो ताडून पाही, शंभरपैकी गुण देई आणि घरात जे आहे त्यातून काय घातलं तर गुण वाढतील तेही सांगे. अळंबीची पूड त्यानेच सुचवली होती. ओरेगॅनोऐवजी ओव्याचं पान मात्र तेजसचं स्वतःचं. त्याच्या वाटणाला त्र्याण्णव गुण पडत. गावात याहून जास्त कुणालाच मिळाले नव्हते आणि तेजस ही गोष्ट पाहुण्यांना चहा येण्याआधीच सांगे.

त्या संध्याकाळी त्याची बायको केतकी संशोधन केंद्रातून घरी आली ती डबा दोन्ही हातांत धरूनच. मागोमाग इत्सेल आली. इत्सेल रामिरेझ मेक्सिकोतल्या वाहाकाची. तिच्या डोंगरात सापडलेल्या रानटी टोमॅटोला काळमुरडा होत नसे. त्याचा आपल्याकडच्या वाणाशी संकर करायला ती दोन वर्षांपूर्वी केतकीच्या केंद्रात आली आणि इथलीच होऊन गेली. मराठी ती चांगलं बोले, फक्त लहानथोर सगळ्यांना 'अहो' म्हणे.

केतकीने डबा उघडला. आत पाच टोमॅटो होते.

"एवढेसे?" ऋता म्हणाली.

"एवढेसेच असतात," केतकी हसली. "झाडावर पूर्ण पिकलेली ही पहिली फळं. आतापर्यंत आम्ही फक्त रोगाकडेच बघत होतो. बाकीची केंद्रात ठेवलीत, त्यांची चव उद्या बियाणे समितीपुढे मोजणार आहेत. मला आजच बघायचीय. करतोस ना रे भात?"

"करतो की," तेजस म्हणाला. पण टोमॅटो हातात घेताना त्याला मनातून जरा खुपलंच. इतकी वर्षं ज्याच्या नावाने आपण मिरवलं, तो आज खुद्द घरी आला होता. उद्यापासून भोपळा कोण भाजणार?

त्याने दोन पातेली ठेवली. एकात त्याचं वाटण, दुसऱ्यात टोमॅटोचा रस. बाकी सगळं दोन्हींत सारखंच: तेलावर परतलेला तांदूळ, कांदा, लसूण, मक्याचे दाणे, ढबू मिरची. तो राजमा घालायला गेला तेव्हा इत्सेलने हात धरला.

"अहो, आमच्याकडे राजमा भातात नाही घालत. बाजूला वाढतात."

"आमच्याकडे घालतात."

"मग घाला. तांदूळ तरी आमचा कुठे होता? तो तुमच्या बाजूने समुद्रावरून आला. टोमॅटो, मिरची, मका आमच्याकडून तुमच्याकडे आले."

"म्हणजे मेक्सिकन राइस अर्धा आपला?" ऋताने विचारलं.

"अर्ध्याहून थोडा जास्तच, अहो ऋता. राजमाही मूळचा आमचाच, तो धरला तर भांडण होईल."

दोन्ही पातेल्यांवर वाफ धरली तेव्हा केतकीने चवजुळव्या पुढे केला. आधी तेजसचं पातेलं. त्र्याण्णव. मग टोमॅटोचं. यंत्र नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबलं आणि आकडा उमटला. चौऱ्याऐंशी.

"परत घे," तेजस म्हणाला. केतकीने परत घेतला. चौऱ्याऐंशीच.

क्षणभर तेजसला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याने झाकण उचलून उगाच भात हलवला. मग त्याचं लक्ष केतकीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. ती खुर्चीवर बसली होती.

"नव्वदच्या खाली गेलं की 'टोमॅटो' या नावाने विकता येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. रंगवलेली भेसळ टोमॅटो म्हणून खपवणाऱ्यांसाठी हा नियम झाला होता. "शेतकरी बियाण्याची वाट बघतायत, आणि मी त्यांना काय सांगू? याला नाव नाही म्हणून?"

"यंत्राला कुठला टोमॅटो माहीत आहे?" इत्सेलने विचारलं. "शेवटी शेवटी बाजारात होता तो. जाड सालीचा, कच्चा तोडून क्रेटमध्ये पिकवलेला. त्याच्याच वासाचा ठसा घेतला. आमच्या अंगणातल्या टोमॅटोलासुद्धा त्याने नापास केलं असतं."

"ते मला पटतं गं. समितीला कसं पटवू? त्यांना आकडा लागतो."

ऋता दोन्ही भात खात होती. "बाबा, तुझाच टोमॅटोसारखा लागतो," ती म्हणाली. "हा दुसरा चांगलाय, पण... वेगळाच कुणीतरी आहे."

तेजसने हातातला डाव खाली ठेवला.

"केतकी, उद्या माझा भात घेऊन जा."

"तुझा कशाला?"

"दोन्ही ने. कुठला कशाचा ते सांगू नकोस. आधी खाऊ दे सगळ्यांना. आकडा नंतर दाखव."

"अरे, पण मग सगळ्यांपुढे तुझं वाटण—"

"भोपळाच आहे तो," तेजस म्हणाला. "त्याला टोमॅटो म्हणायला लागले तर मलाच हसू येईल. त्यांनाही येऊ दे."

दुसऱ्या दिवशी समितीच्या टेबलावर दोन पातेली आली. भात वाढायला तेजस स्वतः गेला होता. अध्यक्ष शरयू अष्टेकर कडक बाई. त्यांनी दोन्ही भात शांतपणे खाल्ले. 'यातला टोमॅटोचा कोणता?' असं विचारल्यावर तरुण सभासदांनी बेधडक तेजसच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. वयस्कर मंडळींचं एकमत होईना. एकाने तर दोन्ही खोटे म्हणून सांगितलं. मग केतकीने यंत्र धरलं. तेही तरुणांच्या बाजूने गेलं.

"आणि प्रत्यक्षात?" अष्टेकरबाईंनी विचारलं.

"त्र्याण्णववाला भोपळा आहे, मॅडम. चौऱ्याऐंशीवाला टोमॅटो."

कुणीतरी फिस्कन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. अष्टेकरबाई मात्र पुन्हा चौऱ्याऐंशीवाल्या ताटाकडे वळल्या. त्यांनी आणखी एक चमचा घेतला, मग आणखी एक.

"यंत्राचं ऐकायचं तर आपल्याला भोपळाच टोमॅटो म्हणून विकावा लागेल," त्या म्हणाल्या. "लहानपणी आमच्या परसात एक वेल होता. फळं पातळ सालीची, तोडली की हातात फुटायची. त्यांचा ठसा कुणी घेतला नाही. घेतला असता तर याला किती गुण पडले असते कोण जाणे." त्यांनी चमचा ठेवला. "नाव द्या. आणि जुन्या ठशाशेजारी याचाही ठसा साठवा."

बाहेर आल्यावर केतकीने रस्त्यातच तेजसचा दंड घट्ट धरला. "हरलास की रे," ती म्हणाली. "भोपळ्यानेच हरवलं मला," म्हणत तो हसला. कालचं खुपणं कधी थांबलं ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

पुढच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पुन्हा क्रेट लागले. लोक नवा टोमॅटो घेत, वास घेत, थोडे बुचकळ्यात पडत आणि वर अर्धा किलो भोपळाही घेऊन जात. ऋताने वाढदिवसाला बाबांचाच भात मागितला.

इत्सेल तोवर आपल्या गावी परतली होती. एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ फोन आला. ती चुलीपुढे उभी होती.

"अहो तेजस, आमच्या घरी सगळ्यांना तुमचा भात खायचाय. तुमच्या वाटणाचा ठसा मी इथे आणलाय. पण आमसूल मिळत नाही, ब्याडगी मिळत नाही. म्हणून यंत्राला विचारलं, याच्याऐवजी काय घालू?"

"मग? काय म्हणालं?"

इत्सेलने यंत्राचा पडदा कॅमेऱ्यापुढे धरला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: टोमॅटो.

तेजस इतका हसला की ऋता धावत आली. पण फोन ठेवल्यावर तो विचारात पडला. तिकडे वाहाकात कुणीतरी टोमॅटो चिरून त्याच्या भोपळ्याची नक्कल करत होतं, आणि उद्या ती चव आवडलेलं एखादं पोर तिलाच मूळ समजून मोठं होणार होतं. त्या पोराला खरं काय ते सांगायचं झालं, तर सुरुवात कुठल्या स्वयंपाकघरापासून करायची?