उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ

शनिवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी स्मृतीला म्यूट करण्यात आलं.

रियाधच्या ‘खजूर मित्रमंडळा’ची ऑनलाइन बैठक चालू होती. सुट्टीतल्या विज्ञान स्पर्धेचे संयोजक प्रसादकाका निवडलेल्या संघांची यादी वाचत होते. आमची प्रवेशिका बाद का, असं स्मृतीने मध्येच विचारलं. मुदत गुरुवारी संध्याकाळी सहाची होती, तुमची मेल सात वाजून पाच मिनिटांनी आली, असं काका म्हणाले. मोठ्यांच्या बैठकीत मुलांनी फक्त ऐकायचं असतं, असंही सांगून त्यांनी मुलांचे माइक आणि चॅट बंद केले.

स्मृती तेरा वर्षांची. तिचे जोडीदार हम्माद आणि त्याची धाकटी बहीण अफशाँ राहायचे सहाशेहून जास्त किलोमीटरवर, सौदीतल्याच हाइलला. ओळख मंडळाच्या ऑनलाइन वर्गातली. गव्हाच्या वाफ्याला गरजेपुरतंच पाणी सोडणारं यंत्र तिघांनी महिनाभर खपून, फुकटच्या मीटिंगवर बनवलं होतं. हम्माद पाइप जोडायचा. स्मृती स्क्रीन शेअर करून प्रोग्राम लिहायची. दर चाळीस मिनिटांनी मीटिंग आपोआप बंद पडली की अफशाँ नवी लिंक पाठवायची. निवडलेल्या संघांना येत्या शुक्रवारी रियाधला प्रयोग दाखवायचा होता. तिघं आजवर एकदाही एका खोलीत बसलेली नव्हती.

आईच्या फोनवर स्मृतीने हाइलचा वेगळा कॉल लावून ठेवला होता. तिने पाठवलेली मेल उघडून पाहिली. वेळ चार पस्तीस.

“काका खोटं बोलतायत,” हम्माद म्हणाला.

“नाही. ते पुरावा दाखवतायत. नीट बघ.”

प्रसादकाकांनी खरंच स्क्रीन शेअर केली होती, तीही पूर्ण. मेलवर सात पाच हीच वेळ होती. हसली ती अफशाँ.

“भाईजान, यांच्याकडे एवढ्यात पावणेसात कसे वाजले?”

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ६:४८. स्मृतीच्या भिंतीवर चार अठरा. फरक अडीच तासांचा. काकांची ऑफिसची टीम पुण्यात होती. कॉल चुकू नयेत म्हणून त्यांचा लॅपटॉप कायम भारतीय वेळेवर असायचा. भर दुपारी ‘गुड इव्हनिंग’ म्हणतात म्हणून मंडळातले लोक त्यांना चिडवायचे, पण स्पर्धेच्या मेलही त्याच लॅपटॉपवर तपासल्या जातात, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

स्मृतीने पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं : ‘काका, तुमच्या लॅपटॉपवर किती वाजले?’

अक्षरं उलटी दिसतायत का, हे तिने फोनवर विचारलं. फक्त तुला, अफशाँ म्हणाली. शेजारच्या चौकटीत हम्मादने दुसरा पुठ्ठा उचलला : ‘अडीच तास वजा करा.’

“स्मृती, तो बोर्ड खाली ठेव,” प्रसादकाका म्हणाले. “नाहीतर मला तुला बैठकीतून काढावं लागेल.”

तिने पुठ्ठा आणखी वर धरला. हात दुखायला लागले, तरी खाली घेतला नाही.

“प्रसाद, एक मिनिट,” मंडळाच्या अध्यक्ष विभावरीताई म्हणाल्या. “तुझ्याकडे सात वाजत आलेत. माझ्या गॅलरीत अजून कडक ऊन आहे.”

काकांचा माउस उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेला. मग मुलांचे माइक सुरू झाले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “तुमची मेल वेळेत आली होती.”

“बोर्ड खाली घेतला नाहीस ते बरं केलंस,” विभावरीताई स्मृतीला म्हणाल्या. “तुम्ही तिघांनी आमचे डोळे उघडलेत.”

“फक्त आमची नाही, ताई,” स्मृती म्हणाली. “गुरुवारी साडेतीन ते सहामध्ये आलेल्या सगळ्या प्रवेशिका बाद झाल्या असणार. त्या सगळ्या बघा. नाहीतर आमचीही घेऊ नका.”

“आमचीही?” हम्मादने फोनवर विचारलं. पण तो नाही म्हणाला नाही.

अशा आणखी दोन प्रवेशिका निघाल्या. विभावरीताईंनी बोलायला सुरुवात केली, “मग शुक्रवारी...”

चारला सुरू झालेली मंडळाची मीटिंगही फुकटचीच; चार वाजून चाळीस मिनिटांनी ती आपोआप बंद पडली.

नवी लिंक सवयीने अफशाँनेच पाठवली. दोन मिनिटांत एकवीस जण आले. प्रसादकाका आणि विभावरीताई त्यांत नव्हते. चार बावन्नला मंडळाच्या ग्रुपवर टाकलेली निवडलेल्या संघांची यादी डिलीट झाली.

नवी यादी अजून आलेली नाही. हाइलला हम्मादने पाइप सोडवून रियाधला न्यायच्या खोक्यात भरायला घेतले आहेत.