सहानंतरची सोबत

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. कोणत्या पुस्तकात ठेवलंय तेही पक्कं ठाऊक आहे, कारण ते पुस्तक मी कधी कुणाला वाचायला दिलं नाही. चार ओळींचं पत्र. चार ओळींना उत्तर द्यायला माणसाला उभा जन्म पुरू नये, याचा हल्ली मला फार राग येतो.

तिची-माझी पहिली भेट भांडणासारखीच झाली. विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर होतो. बाहेर भुरभुर पाऊस. दार आपटून एक मुलगी आत आली. एका हातात पानांची डहाळी, दुसऱ्यात नेलपॉलिशची बाटली.

"तुम्ही पुरुष आहात ना?"

मी चष्मा पुसला. "म्हणजे... लोक तसं धरून चालतात."

"जबाबदार?"

"त्याबद्दल मतभेद आहेत."

ती हसली नाही. "चालेल. उठा!"

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा नियम होता: सहानंतर मुलींनी एकटं थांबायचं नाही, सोबत कुणीतरी जबाबदार पुरुष हवा. मुलांना नियम नव्हता. ज्यानं दोन सूक्ष्मदर्शकं फोडली होती, तोसुद्धा हवा तेवढा वेळ थांबे. आणि हिचा अभ्यास काय, तर पानांवरची बारीक रंध्रं अंधार पडताना कशी मिटतात! अंधार नियम बघून पडत नाही, हे विभागप्रमुखांना कोण सांगणार?

ती पानाला बिनरंगी नेलपॉलिश लावायची. वाळलं की त्याचा पापुद्रा अलगद सोलायची. त्या पापुद्र्यावर रंध्रांचा ठसा उमटलेला असे. तो ठसा ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. साधी, स्वस्त, हुशार युक्ती. विभागप्रमुख भर व्हरांड्यात म्हणायचे, "आमच्याकडे मुली नखं रंगवून डॉक्टरेट मिळवतात हो!" मुलं फिदीफिदी हसायची. तिच्या नखांत माती असायची, ती कुणी पाहिली नाही. मी पाहिली. पण मी बोललो नाही. मी सोबत होतो ना, सोबतीनं फक्त बसायचं असतं.

मी स्टुलावर पुस्तक घेऊन बसे. ती तोंडानं पुटपुटत काम करी. बहुतेक वेळा शिव्याच.

"काय पहारेकरी, पान उलटलं नाही तुम्ही मघापासून."

"अवघड आहे पुस्तक."

"उलटं धरलंय म्हणून असेल."

एकदा तिनं मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "या, बघा. घाबरू नका, चावत नाही."

"कोण, पान?"

"मीसुद्धा."

मी वाकलो. हिरवट उजेडात असंख्य इवलाले ओठ... काही उघडे, काही अर्धे, काही मिटलेले.

"दिसलं?"

"ओठांसारखं दिसतंय," मी म्हणालो, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झालो.

"सगळ्यांना तसंच दिसतं," ती म्हणाली. तिचा आवाज फार जवळून आला. "सगळे बोलून दाखवत नाहीत, एवढंच."

मग तिनं माझा हात ओढला आणि अंगठ्याच्या नखावर पॉलिशचा एक फराटा मारला. "बाटली जुनी झालीय. वाळतंय का बघते." फुंकर मारली... वाळायला फार वेळ लागला. मला वाटतं, बाटली नवीच होती. दुसऱ्या दिवशी खिडकीवर मी पुस्तकं देत होतो आणि त्या नखावर काय आहे हे जगात कुणालाच दिसत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ती अर्ज घेऊन आली. तो नियमच रद्द करा, असा अर्ज. "कर्मचाऱ्यांतला एक तरी पुरुष हवा. तुम्ही सही केलीत तर बाकीचे करतील."

"बघतो," मी म्हणालो.

"काय बघता? रोज तर बघताय!"

"नोकरीचा प्रश्न..."

तिनं अर्जाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "नोकरी नाही. नियम गेला तर तुमची संध्याकाळ जाईल. हो ना?"

मी चष्मा पुसला.

"अहो, नियम नसता तरी मी तुम्हाला बोलावलं असतं! पण मग ते *मी* बोलावलं असतं. कळतो का फरक?"

अर्ज घेऊन ती गेली. दार तसंच आपटलं. सत्र संपायच्या आत तिनं दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात जागा मिळवली. आणि तिथून ते पत्र आलं: 'इथं प्रयोगशाळेची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. कुणाच्या सोबतीची सक्ती नाही. म्हणून आता बोलावते. येतोस?'

'येतोस.' तुम्हीचा तू झाला होता आणि मी त्या एका शब्दाला घाबरलो. मी कोण, ती कोण... उत्तर लिहिलंच नाही.

परवा माझ्या बहिणीची नात तणतणत घरी आली. ती त्याच महाविद्यालयात शिकते. "आजोबा, सहानंतर लॅबमध्ये मुलींना सोबत लागते म्हणे! तुम्ही तिथलेच जुने. येऊन बसाल का?"

"अजून?" माझा आवाज मलाच परका वाटला. "अजून तोच नियम?"

"हो ना! आणि मागे ज्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, त्या रंध्रांवर पुस्तक लिहिलेल्या बाई, त्या पण हेच ओरडल्या. अजून!"

मी चष्मा पुसला. "त्या... बऱ्या आहेत?"

"एकट्या राहतात, त्यांच्या विद्यापीठाच्या आवारात. आणि फार चिडतात."

"अजून?"

"आजोबा, तुम्ही हसताय की रडताय?"

दुसऱ्या दिवशी नियम रद्द करा असा अर्ज तिनं लिहिला, खाली पहिली सही मी केली, आणि आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य तरुण, गोड बोलणारे. "आजोबा, तुमच्यासारखं जबाबदार माणूस सोबत असेल तर प्रश्नच मिटला!"

"मी तिथं बसणार नाही," मी म्हणालो. "मी इथं बसणार आहे."

"म्हणजे?"

"या पोरीला किल्ली मिळेपर्यंत. बसण्याचा मला अनुभव आहे, साहेब. तुमच्या आधीच्यांनीच दिलाय."

पिशवीतून पुस्तक काढलं. या वेळी सुलटं धरलं. प्राचार्यांनी चहा मागवला, मग पंखा वाढवला, मग कुणाकुणाला फोन केले. लोक येऊन दारातून परत जात होते. नात माझ्या शेजारी, गाल फुगवून. शिपाई जायला निघाला तेव्हा प्राचार्यांनी त्याला थांबवलं आणि नियम काढल्याचा कागद टाइप करायला पाठवला. किल्ली त्यांनी टेबलावर जवळजवळ आपटलीच. नातीनं ती उचलली आणि आमच्याकडे वळूनही न बघता प्रयोगशाळेकडे पळाली. एकटी.

मी घरी न जाता पोस्टात गेलो. काउंटरवरून पाकीट घेतलं. एवढी वर्षं मनात किती लांबलचक उत्तरं लिहिली होती, सगळी क्षमा मागणारी, सगळी रद्दी. त्यातलं एकही लिहिलं नाही.

'आज त्या नियमाविरुद्ध सही केली. फार उशिरा. तू चिडलेली असशील, तशीच राहा. बोलावणं अजून असेल तर येतो. नसेल तर नको म्हण, मोठ्यानं म्हण. नखावर काहीच उरलेलं नाही, पण मला दिसतं.'

पाकीट चिकटवलं, पत्ता पुन्हा वाचला, आणि हात पेटीच्या तोंडाशी थोडा घुटमळला... मग मी ते आत सोडलं.