मागच्या दाराची धारवाली

मास्तर चुकून मागच्या दाराने आत आला, आणि थेट तिच्या पाण्याच्या बादलीत पाय घालून उभा राहिला.

शनिवारची दुपार होती. बारीक पाऊस भुरभुरत होता. व्हिएतनामी हॉटेलच्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली, ती मांडी घालून बसली होती. समोर धार लावायचा ओला दगड, बाजूला फडक्यावर ओळीने अकरा सुऱ्या. त्याने आधी बादलीकडे पाहिलं, मग सुऱ्यांकडे, मग तिच्याकडे... आणि म्हणाला, जेवायला आलो होतो, पण इथे तर माझीच भाजी होणारसं दिसतंय.

ती हसली नाही. हसू आलं होतं हो, पण कामावर हसायचं नाही असा तिचा खाक्या होता. दार पुढच्या बाजूला आहे, एवढंच तिने सांगितलं. तो एका ओल्या बुटाने फचफच करत गेला, तेव्हा मात्र तिने मान वळवून पाहिलं.

सगळा रस्ता तिला धारवाली म्हणूनच ओळखायचा. आधी बाप धारवाला, आता लेक. त्या एका रस्त्यावर तेवीस हॉटेलं, आणि प्रत्येक वेगळ्या देशाचं. एका टोकाला व्हिएतनाम, दुसऱ्या टोकाला इथिओपिया, मध्ये सगळी दुनिया. तेवीस स्वयंपाकघरांतली पाती आठवड्यातून एकदा तिच्या हाताखालून जायची. चिनी आचाऱ्याचा पाटीएवढा रुंद सत्तूर, लेबनानी हॉटेलातला मांस तासायचा लांबलचक सुरा, जपानी आचाऱ्याची मासे कापायची एकाच बाजूने धार असलेली सुरी. हा जपानी आचारी तर नवी सुरी घेतली की आधी तिच्याकडे आणायचा, मगच मासळीला लावायचा. त्यामुळे बाई नाकावर माशी बसू देत नसे. आणि का बसू द्यावी? कोणाच्या मेहेरबानीवर थोडीच जगत होती ती.

मास्तर जवळच्या शाळेत भूगोल शिकवायचा. पोरांना सगळे देश शिकवले, स्वतः एकही पाहिला नाही. म्हणून त्याने ठरवलं होतं, दर शनिवारी शाळा सुटली की या रस्त्यावरचं एक हॉटेल. ओळीने, एकही न गाळता. व्हिएतनाम पहिलं.

पुढच्या शनिवारी तो मेक्सिकोत जेवला, आणि मग मुद्दाम व्हिएतनामच्या मागच्या दाराने आला; शनिवारी ती तिथेच बसायची. हातात कागदात गुंडाळलेली घरची सुरी. धार लावून द्याल का? तिने लावून दिली. तेवढ्या वेळात तो, आज काय खाल्लं, कशात काय घातलं होतं, तिखटाने डोळ्यांतून कसं पाणी आलं, हे सगळं हातवारे करत सांगत राहिला. आणि ती ऐकत राहिली. कारण सोळाव्या वर्षापासून या रस्त्यावर असूनही तिने ह्या पदार्थांचे फक्त वास घेतले होते.

तो पुन्हा आला. पुन्हा आला. दर वेळी तीच सुरी. सहाव्या शनिवारी तिने पातं उजेडात धरलं, अंगठ्याने चाचपलं आणि मास्तरकडे पाहिलं.

"ही सुरी भाजी चिरून बोथट झालेली नाही. हिला कोणीतरी फरशीवर घासलंय."

मास्तर कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "फरशीवर नाही... ओट्यावर."

"दर आठवड्याला?"

"काय करू? तुम्ही धारच अशी लावता — जाता जात नाही."

त्या दिवशी ती कामावर हसली. चांगली खळखळून हसली, आतून आचारी डोकावला इतकी. आणि त्या दिवसापासून मास्तर सुरीशिवाय यायला लागला.

जॉर्जिया येईपर्यंत अहो-जाहो मागे पडलं होतं. तो कधी तिच्यासाठी दगडावर पाणी शिंपडायचा, कधी आणलेली छत्री तिच्या डोक्यावर धरून स्वतः भिजत उभा राहायचा. पण ती खरी विरघळली ती जपानच्या शनिवारी. मास्तर जेवून आला आणि नेहमीसारखा बडबडला नाही. म्हणाला, त्या माशाच्या चकत्या इतक्या स्वच्छ कापलेल्या होत्या की कड बघत बसलो.

"आज तुझं काम खाल्लं मी," तो म्हणाला.

आचाऱ्याचं कौतुक होतं, ताटाचं होतं, खुर्च्यांचंसुद्धा होतं. धार कोणाला आठवते? तिने खाली मान घालून, आधीच धार लावलेली सुरी पुन्हा दगडावर धरली.

एकच अडचण होती. तो म्हणायचा, एकदा पुढे येऊन माझ्याबरोबर जेव. ती म्हणायची, नाही. बाबांचा नियम होता : जिथे मागच्या दाराने कामाला जायचं, तिथे पुढच्या दाराने जेवायला जायचं नाही. बाबांनी उभ्या आयुष्यात तो मोडला नव्हता. मास्तरने कधी हट्ट धरला नाही... बाविसावा शनिवार येईपर्यंत.

"पुढच्या शनिवारी शेवटचं," तो म्हणाला. "इथिओपिया. तिथे एकाच ताटात मिळून जेवतात म्हणे. मी दोघांची जागा राखून ठेवली आहे, एक वाजता. आलीस तर... आणि नाही आलीस तर मी समजेन. पुन्हा सुरी घासून येणार नाही."

आठवडाभर तिचं कशात लक्ष लागेना. कारण खरी गोष्ट तिला ठाऊक होती. नियम वगैरे सगळं ठीक, पण तिला लाज वाटायची ती हातांची. दगडाचा चिखल आणि पोलादाची भुकटी बोटांच्या रेघांत कायमची बसली होती. लिंबू झालं, राख झाली, साबण झाले, करडा रंग काही जाईना. हे हात पांढऱ्या टेबलावर ठेवायचे? तेही त्याच्यासमोर?

शनिवारी सकाळी तिने बाबांना विचारलंच, हा नियम केला कोणी? बाबा लसूण सोलत बसले होते. त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. मग त्यांनी आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले.

"नियम कसला. हे हात घेऊन बसायची लाज वाटायची मला. तसं सांगण्यापेक्षा नियम बरा."

"तीस वर्षं वाट बघतेय मी," आतून आई म्हणाली. "एकदा तरी ने म्हटलं, तर हा नियम. बाई गं, तू तरी जा."

एक वाजता ती इथिओपियाच्या पुढच्या दाराने आत गेली. नऊ वर्षं जिच्या कांद्याच्या सुऱ्यांना तिने धार लावली होती, ती मालकीणबाई गल्ल्यावरून उठून उभी राहिली. इकडून कुठे, असं तिने विचारलं नाही. तिने धारवालीचा हात धरला आणि सगळ्या हॉटेलातून मिरवत खिडकीच्या टेबलाशी नेला. मास्तर उठला तो खुर्ची पाडूनच.

परातीएवढं ताट आलं. त्यावर इंजेरा, म्हणजे जाळीदार मऊ पोळी, आणि तिच्यावर डाळी, पालेभाजी, कांद्यात शिजवलेलं मांस. चमचा नाही, सुरी नाही. तिचे हात मांडीवरच होते. मालकीणबाईने सांगितलं, आमच्याकडे आपल्या माणसाला हाताने घास भरवतात, आणि घास जेवढा मोठा तेवढी माया मोठी.

धारवालीने हात टेबलावर ठेवले.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "हे असेच राहणार. घासून जात नाहीत."

"बावीस शनिवार तेच बघतोय," तो म्हणाला.

तिने पोळी तोडली, तिच्यात सगळं भरलं, आणखी भरलं, आणि मुठीएवढा घास त्याच्या तोंडात कोंबला. त्याचे गाल टम्म फुगले. "आता बोलता येत नाहीये तोवर सांगून टाकते. तू मला आवडतोस. पहिल्या दिवशी बादलीत पाय घातलास, तेव्हापासून."

मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं असेल, नसेल. त्याने तिचा हात धरला, खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. आणि घास कसाबसा गिळून म्हणाला,

"कांदा तुझ्या सुरीचा आहे. आज तुझं काम खाल्लं — तुझ्याच हाताने."

तिने हात काढून घेतला नाही. उलट ताठ बसली, आणि दुसरा घास त्याच्याकडून मागून घेतला.

पुढच्या शनिवारी मास्तरने ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि व्हिएतनामला चौघांची जागा राखली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी तयार होती. पुढच्या दारात बाबा थबकले आणि त्यांनी हळूच दोन्ही हात खिशात घातले. आईने ते बाहेर काढले, एक आपल्या हातात घट्ट धरला, आणि त्यांना आत घेऊन गेली.