लोखंड्याचे दात

पोलादपूरला धम्मपाल मास्तर गेले होते ते प्रशिक्षणाला. विज्ञान शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण म्हणजे काय, तर सकाळी भाषण, दुपारी जेवण, जेवणावर जांभया आणि साडेतीनला सुट्टी. बाकीचे शिक्षक महाडच्या गाडीला धावले. मास्तर मात्र उलट्या दिशेला वळले, कारण कुठल्याही गावी गेलं की आधी भंगारवाल्याचं दुकान गाठायचं हा त्यांचा नेम होता.

त्यांना लहानपणच्या खेळण्यांचा नाद होता. कसली खेळणी म्हणाल, तर अंतराळातली. चावीची यानं, ठिणग्या उडवणाऱ्या बंदुका, उडत्या तबकड्या, काचेचं शिरस्त्राण घातलेले अंतराळवीर, आणि यंत्रमानव तर विचारू नका. महाडात चवदार तळ्याच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्यातली एक खोली काचेच्या कपाटांनी भरलेली आणि दुसरीत मास्तर आणि त्यांची म्हातारी आई. लग्नाचं राहूनच गेलं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा खेळणी गोळा करतो म्हणून शाळेत पोरं मागून हसायची, आणि मास्तरांना त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर मास्तरांना कशाचंच फारसं काही वाटायचं नाही. बरीच वर्षं झाली होती तसं होऊन.

"जय भीम मास्तर, या या," भंगारवाला सुनील म्हणाला. "तुमच्यासाठी ठेवलाय एक. नाते गावच्या ओढ्याला गेल्या पुरात दरड खचली ना, तिथल्या गाळातून पोरांनी काढला. पत्र्याचा बाहुला हाय."

पोत्यातून त्याने तो वर काढला. वीतभर उंच यंत्रमानव, चौकोनी डोकं, लाल डोळे, छातीला दोन दारं. चिखल वाळून कातडीसारखा बसला होता. मास्तरांनी तो हातात घेतला आणि आधी उलटा केला. डाव्या पायाच्या तळव्यावर कर्कटकाने कोरलेलं होतं, 'सु'. उजव्या तळव्यावर 'ध'.

मास्तरांनी खिशातून हाताला लागलं ते सुनीलच्या हातात ठेवलं आणि निघाले. आत काहीतरी खुळखुळत होतं. गाडीत खिडकीशी बसून त्यांनी तो मांडीवर धरला, आणि महाड येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हा आपण पुरताना पाहिला होता.

आता हे नीट सांगायला हवं. मास्तर दहा वर्षांचे होते, नात्याला राहायचे, तेव्हाची गोष्ट. वडील मुंबईला गोदीत. मे महिन्यात आले ते हा यंत्रमानव घेऊन. दोन भावांत एक. नाव ठेवलं लोखंड्या, आणि भांडण नको म्हणून डावा पाय सुशांतचा, उजवा धम्माचा. बटण दाबलं की लोखंड्या चार पावलं चालायचा, थांबायचा, छातीची दारं उघडायची, आत दिवे लुकलुकायचे. पण सेल संपले की झालं, कारण वडील परत येईपर्यंत सेल कुठले? तेव्हा सात वर्षांच्या सुशांतने एक शक्कल काढली. त्याचे दुधाचे दात पडायला लागले होते. पडलेला दात कौलांवर फेकायचा, ही रीत. हा पठ्ठ्या तो लोखंड्याच्या छातीत टाकायचा. म्हणे, "याला दात आले की हा जेवेल रे धम्मा. मग सेल नको."

तीन दात झाले आणि सुशांतला ताप आला. तीन दिवसांत पोर गेलं. ओढ्याच्या काठच्या जागेत त्याला पुरलं, आणि आईने लोखंड्या त्याच्या काखेत ठेवला. धम्मा तेव्हा ओरडून रडला. दोघांनी धरून ठेवावं लागलं त्याला. बायका म्हणाल्या, बघा, भावावर केवढी माया! तो भावासाठी रडत नव्हता हो. तो लोखंड्यासाठी रडत होता. हे त्याने जन्मात कुणाला सांगितलं नाही, आणि त्या दिवशी आत जे काही मिटलं ते पुन्हा उघडलं नाही. पुढे पगार सुरू झाल्यावर पहिली वस्तू घेतली ती मुंबईच्या जुन्या बाजारातला अगदी तसाच दुसरा यंत्रमानव. पण तो तसाच होता, तो नव्हता.

घरी आल्यावर मास्तरांनी खोलीचं दार लावून घेतलं, पांढरं फडकं अंथरलं आणि लोखंड्याच्या छातीची दारं पिनेने उघडली. आत होते ते दात, एकेक करून त्यांनी ते फडक्यावर मांडले. सगळे मिळून वीस.

विज्ञानाचा मास्तर तो. त्यांनी लगेच मनाशी उत्तर मांडलं. तीन आधीचे. सतरा त्या बिचाऱ्याच्या जबड्यातले, हाडं सुटी झाली तेव्हा गाळाबरोबर आत शिरले असतील. बंद दारांतून कसे शिरले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. त्यांनी फोटो काढले आणि दात परत आत ठेवले. जमवणाऱ्यांचा एक नियम असतो, वस्तूत जे सापडेल ते वस्तूबरोबरच राहतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते दात डबीत घालून आम्रपालीकडे गेले. ही त्यांची वर्गमैत्रीण, बाजारपेठेत दातांचा दवाखाना. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या उजव्या खालच्या दाढेत सिमेंट भरलं होतं ते तिनेच, आणि भरताना यंत्र निसटून दाढेच्या कडेला एक चर पाडला होता. त्यावरून ती अजून माफी मागायची.

"दुधाचे दात आहेत," तिने भिंगाखाली एकेक फिरवला. "आठ पुढचे, चार सुळे, आठ दाढा. पूर्ण संच! कुणी एवढे जपून ठेवले रे?"

"पुरलेल्या पोराचे आहेत. सात वर्षांचा होता."

आम्रपालीने भिंग खाली ठेवलं. "नाही."

"नाही म्हणजे?"

"हे बघ. सात वर्षांच्या पोराच्या जबड्यातून निघालेल्या दाढेला मुळं असतात, चांगली लांब. यांना एकालाही मूळ नाहीये. दुधाचा दात आपणहून पडतो ना, तेव्हा त्याचं मूळ आधी विरघळून गेलेलं असतं. हे वीसही दात वेळ झाल्यावर पडलेत. जिवंत मुलाचे." तिने शेवटची दाढ उचलली. "आणि ही पडते बाराव्या वर्षी. हे पोरगं बारा वर्षांचं तरी झालंय, धम्मा... कुणाचे आहेत हे?"

मास्तर डबी घेऊन उठले. घरी येईपर्यंत एक हिशेब मात्र डोक्यातून गेला नाही. पाच वर्षं. मातीखाली पाच वर्षं तो एकेक दात पाडून लोखंड्याला भरवत राहिला. सेल नको म्हणून.

घरी खोलीचं दार उघडं होतं. आई फरशीवर बसली होती आणि लोखंड्या तिच्या मांडीवर. पदराने ती त्याचं तोंड पुसत होती.

"हा माझ्या सुशाचा हाय," ती म्हणाली. रडली नाही. "कुठं भेटला?"

मास्तरांनी सांगितलं. दातांचं सांगितलं नाही.

"मग परत दे त्याचा त्याला. रविवारी जाऊ." ती उठताना गुडघा धरून थांबली. "तुला लय हवा होता तो. मला काय ठाऊक नाय व्हय? तू त्या दिवशी त्याच्यासाठीच रडलास. आईला समजतं रे."

चौतीस वर्षं लपवलेली गोष्ट म्हातारीने अशी सहज बाहेर काढली. मास्तरांना शरम वाटायला हवी होती. त्यांना एवढंच वाटलं, की रविवारला अजून चार दिवस आहेत.

आणि त्या चार दिवसांत मास्तरांनी काय केलं? तुम्ही ओळखलंच असेल. जमवणाऱ्याजवळ जोडीचा नग असतोच. मुंबईच्या बाजारातला तो दुसरा यंत्रमानव त्यांनी काढला, तळव्यांवर कर्कटकाने 'सु' आणि 'ध' कोरलं, अंगाला ओली माती चोळून उन्हात वाळवली. सुशा त्यात दात टाकायचा हे आईला ठाऊक होतं; तिने कानाशी धरून हलवला तर खुळखुळायला हवा, म्हणून छातीत वीस खडे घातले. काम इतकं बेमालूम झालं की मास्तरांनाच कौतुक वाटलं. कित्येक वर्षांत काही वाटलं असेल तर ते एवढंच. खरा लोखंड्या, दातांसकट, काचेच्या कपाटात. कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात.

रविवारी भर दुपारी मायलेक नात्याला गेले. ऊन रणरणत होतं. ओढ्याचा काठ अर्धा खचलेला, जुनी जागा कुठली हे आईनेच पावलं मोजून दाखवलं. मास्तरांनी हातभर खड्डा खणला. आईने पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला यंत्रमानव उचलला, कानाशी धरला आणि हलवला.

खडे वाजले.

तिने तो कानावरून खाली घेतला. मग म्हणाली, "धम्मा, हाच ना रे?"

"हाच."

"बघ हां... त्याला फसवू नको."

"हाच आहे आई. ठेव."

तिने ठेवला. "सुशा, घे रे बाबा. दादानं आणून दिला." मग दोघांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. आईचा आवाज रडवेला झाला, मास्तरांचा नाही. माती लोटताना त्यांना खालून बारीक आवाज आल्यासारखा वाटला, पत्र्याची दारं उघडावीत तसा. त्यांनी हात थांबवला नाही. वरून दोन दगड ठेवले आणि चार वाजताच्या रिक्षाने परत आले.

त्या रात्री आईला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. मास्तरांनाही लागली.

सोमवारी सकाळी शाळेचे कपडे घालता घालता मास्तर सवयीने कपाटाकडे वळले. कुलूप जागेवर. काच धड. लोखंड्या आत उभा, पाठ करून. रविवारी त्यांनी तो समोर तोंड करून ठेवला होता.

त्यांनी कुलूप काढलं. कपाटाच्या फळीवर ओल्या मातीचे ठसे होते, चार पावलांचे. यंत्रमानवाचं अंग गार आणि ओलं. उलटा केला, तळव्यावर 'सु' होतं, पण कोरलेल्या रेघा कोऱ्या, चकचकीत. चार दिवसांपूर्वीच्या. हा जोडीचा नग. जो काल हातभर खाली पुरला होता तो. खरा लोखंड्या कपाटात नव्हता, खोलीत नव्हता, घरात कुठेच नव्हता.

"आई," त्यांनी हाक मारली, "कपाट उघडलंस का गो?"

"मला गुडघ्यानं उठवत नाय, कपाट कुठलं उघडू?" आतून उत्तर आलं. "काय झालं?"

"काही नाही."

हलवून पाहिला. खड्यांचा आवाज नाही. आत एकच काहीतरी जड, इकडून तिकडे आपटत होतं. मास्तरांनी छातीची दारं उघडली आणि तळहातावर एक दाढ पडली. मोठ्या माणसाची. खाली लांब, पिवळसर, दोन फाट्यांचं मूळ. ही पडलेली नव्हती, उपटलेली होती.

शाळेत न जाता ते थेट आम्रपालीकडे गेले. दवाखाना नुकताच उघडत होता. तिने दाढ घेतली, दिव्याखाली धरली, आणि हसली.

"अरे, माझंच काम! हे सिमेंट मीच भरलंय. आणि हा बघ कडेचा चर... हा मी विसरेन होय? खालची उजवी." मग ती वरमली. "पण धम्मा, काढून कुणाकडून घेतलीस? माझ्याकडे नाही यायचं? दाढ चांगली होती की. बघू, जखम दाखव."

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी तोंड उघडलं. आम्रपालीने आत दिवा धरला. हातातली दाढ पाहिली, पुन्हा तोंडात पाहिलं. तिने दिवा आणखी जवळ आणला.

मास्तरांनी जीभ उजवीकडे, खाली नेली. सिमेंट लागलं. कडेचा चर लागला. दाढ जागेवर होती. एक तिच्या हातात, एक तोंडात, जोडीचा नग.

त्यांनी जिभेने ती हळूच ढकलून पाहिली. दुखलं नाही. पण दाढ हलत होती.